मेलेल्याला भोक

मला सगळ्याच गोष्टींची किळस येते, असं आमच्या गल्लीत म्हणतात. खोटं नाही. गॅरेज चालवणाऱ्या बाईने ग्रीसला नाक मुरडायचं म्हणजे मासे विकणारीने माशांना नावं ठेवण्यातला प्रकार, पण स्वभावाला औषध नसतं. नाकवाकडी हेच माझं नाव पडलंय. त्यातही गाडीचे दणके झेलणाऱ्या जुन्या शॉकअपमधलं तेल! शी! सडलेल्या अंड्यासारखा वास, आणि एकदा अंगावर उडालं की दोन दिवस जेवण जात नाही.

माझी थोरली बहीण अगदी उलट. नाक तेच, आमच्या घराण्याचं, पण ते वाकडं झालेलं मी कधी पाहिलं नाही. ताई नर्स आहे. रक्त, ओकारी, घाण, सगळं ती हाताने उचलते आणि वर समोरच्याशी गप्पा मारते. डोंगरावरच्या वस्त्यांमधून दिवस भरलेल्या बायकांना स्वतःच्या जीपमधून खालच्या दवाखान्यात आणायचं काम तिचं. रस्ता कसला, नुसती दगडांची रास. मागच्या वर्षी त्या दणक्यांनी एक बाई वाटेतच मोकळी झाली आणि मूल राहिलं नाही. ताई महिनाभर कोणाशी धड बोलली नाही. तेव्हापासून तिचा एकच धोशा होता, "गाडी मऊ कर गं. उंच कर. काहीही कर."

उपाय मीच सुचवला होता. हौशी लोक वरच्या मॉडेलची नवी गाडी घेतात आणि आठवड्याच्या आत तिच्या कंपनीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप काढून परदेशी लावतात. काढलेलं सामान तसं कोरंच असतं. ते साध्या जीपला बसवलं की गाडी चार बोटं उंच होते आणि खड्डा थेट पोटात बसत नाही. स्प्रिंगा मी स्वतः पारखून आणल्या आणि मागच्या आठवड्यात बसवल्या. शॉकअप तेवढे मिळायचे राहिले होते.

ते मिळवले दाजींनी. ताईचे यजमान शाळेत चित्रकला शिकवतात. माणूस गरीब गाय, पण हौस दांडगी. त्या दिवशी सकाळी ते पोत्यात गुंडाळलेले दोन शॉकअप घेऊन आले आणि धाडकन माझ्या टेबलावर ठेवले.

"दाजी! आत्ताच पुसलंय मी ते."

"अगं, बघ तरी! कंपनीचे आहेत. गोडबोल्याकडे नेमके चार मिळाले."

गोडबोल्या म्हणजे पलीकडच्या गल्लीतला भंगारवाला. नावातच सगळं आलं.

"आणि हे दोनच कसे?"

दाजींनी छाती पुढे काढली. "पुढचे दोन काल मीच बसवले. व्हिडिओ बघून. मागचे जमेनात, ते तू संध्याकाळी बसव."

"संध्याकाळी का? गाडी कुठाय?"

"ताई पहाटेच गेली घेऊन. वरच्या वस्तीतल्या एका बाईला कळा सुरू व्हायला आल्यात. दुपारपर्यंत घेऊन येईल खाली."

ज्या माणसाला पाना कुठून धरायचा ते कळत नाही, त्याने बसवलेल्या शॉकअपवर माझी बहीण डोंगर चढून गेली होती. मी शॉकअप उचलला आणि बोटांना काहीतरी चिकट लागलं. काळा रंग, पुरता वाळलेलासुद्धा नव्हता. नख लावलं तर पापुद्रा निघाला. खालचा डोळा, म्हणजे जिथून बोल्ट जातो ती कडी, तिच्या मुळाशी बोट फिरवलं तर मऊ लागलं. पुट्टी! लोखंडाला पुट्टी! स्क्रू-ड्रायव्हरने ती खरवडली. आत वेल्डिंगला तडा, अर्ध्या गोलात गेलेला.

"हे कोरं? दाजी, हे मढं आहे. मढ्याला पावडर लावून दिलीये तुम्हाला!"

"पण तो म्हणाला..."

"तो म्हणेल हो! त्याचं काय जातंय म्हणायला? हा डोळा तुटला की शॉकअप लोंबकळतो आणि शेजारची ब्रेकची नळी कापतो. उतारावर ब्रेक गेला तर काय होतं ते सांगू?"

दाजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी ताईला फोन लावला. लागला नाही. वर कधीच लागत नाही.

मी टूलबॉक्स आणि ते दोन शॉकअप व्हॅनमध्ये टाकले, दाजींना शेजारी बसवलं. डोंगराचा रस्ता गोडबोल्याच्या दारावरूनच जातो, तिथे मी करकचून ब्रेक मारला. पुढचे दोनही असेच मेलेले आहेत का, ते मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्याच्या एक थोबाडीतही द्यायची होती. गोडबोल्या पत्र्यांच्या ढिगाऱ्यामागून हात जोडत आला. त्याचं ते हसू! ओशट, पुसलं तरी न निघणारं.

"लाज वाटते का रे?" मी शॉकअप त्याच्या पायाशी आदळला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बघू देत. "बाळंतिणीच्या गाडीला मेलेला माल विकतोस? कुठल्या उकिरड्यावरून उचललास हा?"

"ओरडू नका हो बाई." त्याने शांतपणे तारेचा ब्रश माझ्या हातात दिला. "खाली घासा जरा. डोळ्याच्या मागच्या बाजूला."

"कशाला?"

"घासा तर."

मी घासलं. रंग गेला, गंज गेला आणि खालून छिन्नीचे तीन चरे वर आले. छोटे, तिरके, मधला जरा लांब.

ते चरे माझे होते.

बाद झालेल्या प्रत्येक सामानावर मी असे तीन चरे मारते. बाबांची खूण ती. पण बाबा तेवढ्यावर थांबायचे नाहीत. चरे मारून झाले की शॉकअप शिकंज्यात धरायचे, भोक पाडायचे आणि सगळं तेल काढून टाकायचे. मला समोर उभं करून म्हणायचे, "चरे आपल्यासाठी, भोक जगासाठी. मेलेल्याला भोक पाडल्याशिवाय दुकानाबाहेर सोडायचं नाही." मी नाक दाबून उभी राहायचे. बाबा गेल्यावर तीन वर्षांपूर्वी गॅरेज माझ्या हाती आलं. पहिल्याच आठवड्यात एका शॉकअपचं तेल माझ्या तोंडावर उडालं, आणि त्या दिवसापासून मी भोक पाडणं बंद केलं. चरे मारायचे, पोत्यात टाकायचे, गोडबोल्याच्या गाडीवर चढवायचे, हात साबणाने धुवायचे.

"तुमच्या वडिलांच्या मालाला भोक असायचं," गोडबोल्या म्हणाला. "तो मी सरळ वितळवायला पाठवायचो. दुसरं करणार काय? तुमचा माल अख्खा येतो."

"म्हणून तू रंग लावून विकणार?"

"रंग लावला ते माझं पाप, मान्य आहे. पण दार उघडं कोणी ठेवलं?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणणार होते. पण ते तीन चरे समोर होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पुढचे दोनही माझेच होते का, एवढं विचारलं. त्याने मान डोलावली. मी व्हॅनमध्ये बसले.

चढावर दाजी सारखे म्हणत होते, "हळू गं, हळू." मी हळू केलं नाही. प्रत्येक वळणावर दरीकडच्या कडेला कुठे चाकांच्या खुणा दिसतायत का ते बघत होते. पाचव्या वळणावर जीप समोरून येताना दिसली. रांगत येत होती बिचारी. मी व्हॅन आडवी घातली.

ताईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय गं, डोक्यावर पडलीस का? बाईला कळा येतायत इथे!"

"गाडी बंद कर. गिअरमध्ये ठेव. चाकांना दगड लावा, दाजी!"

मी खाली शिरले. पुढच्या डाव्या चाकामागचा शॉकअप खालून सुटलेला होता. डोळा नखाएवढ्या लोखंडावर लटकत होता, सगळीकडे तेल ओघळलेलं, आणि त्याची तुटकी कड ब्रेकच्या नळीला घासत होती. नळीचं वरचं रबर गेलं होतं, आतला धागा दिसत होता. पुढचा अर्धा रस्ता सगळा उताराचाच होता.

मी बाहेर आले. ताईच्या तेवढ्यात लक्षात आलं होतं. "सकाळपासून डावीकडे टकटक करत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं नवीन आहे, बसेल."

त्या बाईला आम्ही तिघांनी धरून व्हॅनमध्ये आणलं. जेमतेम विशीची असेल. माझा हात तिने इतका घट्ट आवळला की नखं रुतली, आणि मी काय केलंय हे तिला कुठे माहीत होतं! दाजी गाडी चालवायला बसले. ताई दार लावता लावता थांबली.

"कोणी दिलं हे सामान?"

"गोडबोल्याने," दाजी म्हणाले.

"माझ्या गॅरेजमधून गेलंय ताई," मी म्हणाले. "मीच बाद केलं होतं. भोक पाडलं नाही."

"बाबा पाडायचे ना?"

"हो."

"मग तू का नाही पाडलंस?"

खोटं बोलता आलं असतं. वेळ नव्हता, ड्रिल बिघडलं होतं, काहीही.

"वास येतो म्हणून."

ताई माझ्याकडे बघत राहिली. रक्ताला, ओकारीला, कशालाच न हललेलं तिचं नाक हळूच आक्रसलं. माझं होतं तसंच वाकडं झालं. मग तिने दार लावलं आणि व्हॅन खाली निघाली.

मी टूलबॉक्स घेऊन तिथेच थांबले. दोन्ही शॉकअप काढले, दगडावर ठेवले आणि छिन्नीवर हातोडी घातली. चौथ्या घावाला भोक पडलं. तेल उसळलं ते सरळ गालावर, ओठांवर, एक थेंब तोंडात. मी पुसलं नाही. दुसऱ्यालाही भोक पाडलं.

मग हिशेब करत बसले. तीन वर्षं. महिन्याला दोन-तीन धरले तरी शंभराच्या घरात जातात. कुठल्या गाड्यांना लागलेत, कुठल्या घाटात आहेत, कोणाची ताई त्यात बसून उतरतेय, कोणाला ठाऊक.