होडीतली बाबाई

माझ्या वडिलांना गावात लोक भित्रा म्हणत, कारण बाबाईच्या खड्ड्याकडे जाताना ते चारदा मागे वळून बघत. ते भित्रे नव्हते. मागून कुणी येत नाही ना, एवढंच बघत असत.

बाबाई म्हणजे अळूचाच थोरला भाऊ. पान माणसाच्या डोक्यावरून जातं आणि जुना गड्डा एकट्याला उचलत नाही. आमच्या बेटावर माती अशी नाहीच, सगळा पोवळ्याचा चुरा. त्यात गोडं पाणी लागेपर्यंत खाली खणत जायचं आणि तळाच्या चिखलात रोप लावायचं. रोपाभोवती केवड्याच्या पात्यांची बिनबुडाची टोपली विणायची आणि तिच्यात खत म्हणून झाडाझुडपांची पानं चिरून भरायची. कुठली पानं, किती, चंद्र कसा असताना, हे ज्या त्या घराचं गुपित.

मला भाऊ नव्हता. म्हणून मी नऊ वर्षांची झाले तेव्हा बाबांनी मला खड्ड्यात उतरवलं. तोंड माझ्या कानाला लावून एकेक पान सांगितलं. मग म्हणाले, "रक्ताच्या माणसाशिवाय कुणाला द्यायचं नाही. आणि मोठ्याने तर बोलायचंच नाही. माडावर माडी काढणारा बसलेला असतो, त्याला गावाच्या दुप्पट ऐकू येतं."

"नाही सांगणार, बाबा."

"परत म्हण."

मी परत म्हटलं.

त्या वर्षी नाताळला सभाघरात आमचा गड्डा आला तो दोन माणसांच्या खांद्यांवर, काठीला बांधून. शेजारच्या घरची आको माझ्याच वयाची. तिच्या बापाचा गड्डा एकाच माणसाने आणला होता. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुमच्यात आत दगड भरतात, माहितीये आम्हाला." आमचं भांडण तेव्हापासूनचं. आता दोघींना मिळून सात दात आहेत, तरी ते चालूच आहे.

गेल्या वर्षी अमावास्येच्या भरतीला समुद्र रस्ता ओलांडून आला. तासभरच थांबला, पाहुण्यासारखा. पण गेला तो सगळा गेला नाही, खड्ड्यात बसून राहिला. सकाळी मी कडेला बसून चिखलात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. आयुष्यभर हे बोट मी असं चाखत आले होते. त्या दिवशी ते खारट लागलं.

महिन्याभरात चाळीस रोपं पिवळी पडली. खाण्याजोगी होती ती खाल्ली. बाबांच्या तांबड्या देठाच्या जातीचे तीन कोंब तेवढे जिवंत निघाले. ती जात गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

माझा मुलगा बेतेरो मालवाहू जहाजावर असतो. त्याची बायको तबिता माझ्याजवळ. कोंब ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले त्याच संध्याकाळी तिने बेतेरोची तडा गेलेली होडी खाडीवरून ओढत आणली. तडा बुजवला, होडी दगडांवर कमरेएवढी उंच चढवली आणि पत्र्याच्या छपराची पन्हळ तिच्या तोंडाशी आणून सोडली.

"हे काय चाललंय?"

"आई, खाली शोधायला गेलं तर आता खारं लागतं. मग पाणी वरून घेऊ. चर्चच्या बायकांच्या बैठकीत सांगत होते, पलीकडच्या बेटावर करतात असं."

"होडीत बाबाई लावणार? उद्या मासे धरायला जाईल ती."

"गेली तर येताना दोन घेऊन येईल," तबिता म्हणाली आणि झुडपांखालची काळी माती आणायला निघून गेली.

होडीत सगळं बरोबर होतं. गोडं पाणी होतं, माती होती, टोपली तर तबिता माझ्याहून सुबक विणते. पण टोपलीत ती भरत होती हाताला येतील ती पानं. पहिला कोंब पंधरा दिवसांत गेला. दुसरा त्याच्या मागोमाग. तिसऱ्याच्या पानाची कड पिवळी व्हायला लागली.

पानं आणायला मी स्वतः गेले असते, पण माझी कंबर गेलेली. काठी घेऊन अंगणाच्या कडेपर्यंत जाते. आणि तो पाला आहे पार समुद्राच्या बाजूला.

तुम्ही म्हणाल, मग तिने विचारायचं. आमच्याकडे ते तसं नसतं. नात्यातल्या माणसाने 'बुबुसी' म्हणून काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. सायकल मागा, जाळं मागा, समोरच्याला द्यावंच लागतं. माझ्या बाबांनी एकदा अंगातला नवा सदरा दिला होता, रस्त्यातच. नाही म्हणता येत नाही, म्हणूनच चांगल्या घरचं माणूस बाबाईच्या खताची पानं कधी मागत नाही. ते म्हणजे झोपलेल्याच्या तोंडातला घास काढून घेणं.

तबिता चांगल्या घरची. घर म्हणजे आकोचंच, तिची ती भाची. खड्डा बघायला मी तिच्या खांद्याचा आधार घेऊन जायचे, तेव्हा ती मला कडेला बसवून समुद्राकडे तोंड करून उभी राहायची. रिकाम्या, मेलेल्या खड्ड्यातसुद्धा बघायची नाही.

बेतेरोला मी सांगायला गेले होते, तो चौदा वर्षांचा असताना. दुसऱ्या पानाला त्याने जांभई दिली. आता फोनवर म्हणतो, "आई, तांदूळ मिळतो ना दुकानात? आणि एवढंच असेल तर तबिताला सांगून टाक."

"ती रक्ताची नाही."

"तुझं दुखलं खुपलं कोण बघतं? रक्त की ती?"

मी फोन तबिताच्या हातात दिला.

मग एक दिवस आको आली. काठी टेकत होडीभोवती फिरली, आत डोकावली.

"मरतंय हे," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"माझ्या भाचीचा दोष नाही. तुमच्या घरात पानंसुद्धा कुलपात असतात."

"आणि तुमच्या घरात? तू दिलीस का तिला तुमची?"

आको खाली बसली. गुडघा चोळत म्हणाली, "नाही दिली. पोरगी परक्या घरी जाणार, म्हणून नाही दिली. तिच्या भावाला दिली, तो राजधानीला, ताराव्याला जाऊन दुकानात कामाला लागला. माझा खड्डा तुझ्या आधी गेला, टेकेआ. परवा मी पडल्या पडल्या पानं मोजत होते. एक आठवेना."

"आठवेल."

"नाही आठवत. बापाने कानात सांगितलं ते कानातून गेलं." मग एकदम नेहमीसारखी म्हणाली, "तुझं काय, तुझ्या डोक्यात आहेच काय जायला," आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबिता होडीत पाणी किती आहे ते बघत होती. मी दारात बसले होते. रात्रभर ठरवलेलं तोंडातून निघेना. शेवटी म्हटलं, "तबिता, बुबुसी."

तिने बादली खाली ठेवली. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, मी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. "काय हवंय, आई?"

"तू माझ्याकडे माग."

"काय मागू?"

"ते मी कसं सांगू? माग एवढंच म्हणते. आता तुला नाही म्हणता यायचं नाही."

ती हात लुंगीला पुसत आली आणि माझ्या पायांशी बसली. तिला कळलं होतं, ते तिच्या हनुवटीवरून मला दिसत होतं. पण लगेच तिथे हात घालायची तिची तयारी नव्हती.

"बुबुसी, आई. तुमचा कंगवा द्या."

मी केसांतला कंगवा काढून दिला. कासवाच्या पाठीचा, माझ्या आईचा. "एवढंच?"

"नाही." तिने कंगवा मुठीत घट्ट धरला. "बुबुसी. पानं द्या."

वर माडावर कुणीतरी माडी काढताना गात होतं. मी त्याचं गाणं संपायची वाट पाहिली नाही. तोंड तिच्या कानाशी नेलं आणि बाबांनी सांगितलं त्याच ओळीने सांगितलं, एकेक पान, त्याचं माप, त्याचा चंद्र. शेवटी गंजकं लोखंड. बाबा महायुद्धातल्या लढाईनंतर किनाऱ्यावर राहिलेल्या लोखंडाचे तुकडे आणून मुळाशी पुरायचे. नंतर आम्ही डबे पुरायला लागलो.

तबिता हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "म्हणून या घरात रिकामा डबा कधी फेकत नाहीत. मला वाटायचं, सासू चिकट आहे."

"सासू चिकटही आहे."

मी मान वर केली तर कुंपणापाशी आको, हातात काठी, नसलेली कोंबडी हाकलत होती.

"ऐकलंस का गं?" मी ओरडले.

"मला कुठे ऐकू येतंय, म्हातारे. कान गेलेत माझे."

तबिता त्याच दुपारी समुद्राच्या बाजूला जाऊन आली. टोपली भरली, डबा पुरला. आणि दोन दिवसांनी आकोच्या पायरीशी मला एक गंजका डबा दिसला, घासून धुतलेला, मासळीचा. त्याच आठवड्यात आकोने आपल्या पानांतली जेवढी आठवत होती तेवढी तबिताच्या कानात घातली. विसरलेलं पान आमच्या यादीत होतं. लक्षात यायला दोघींना जरा वेळ लागला. मग तबिता धावत मला सांगायला आली आणि मागून आको, "सांगू नकोस तिला, डोक्यावर बसेल," करत.

तिसऱ्या कोंबाला आता पाच पानं आहेत. देठ तांबडा आहे. बुडाशी दोन पिल्लं फुटली आहेत, त्यातलं एक आकोच्या अंगणातल्या जुन्या टाकीत जाणार आहे. नाताळला सभाघरात न्यायला गड्डा लागतो, त्याला अजून तीन-चार वर्षं आहेत. मी असेन का, माहीत नाही. तबिता असेल.

काल तिच्या खांद्यावर हात ठेवून मी जुन्या खड्ड्याकडे गेले. तिने मला कडेला बसवलं. या वेळी तोंड फिरवलं नाही, माझ्याशेजारी बसली आणि आत बघितलं. खाली खारं पाणी होतं, त्यात ढग दिसत होते. मी बोट बुडवलं नाही.

मी सांगितलं नाही, बाबा, एवढंच मनात म्हटलं. माझ्याकडे मागितलं.