वीतभर फिल्म

शौनकला मी फोटोग्राफर म्हणत नाही. बँकेत नोकरी, गळ्यात कॅमेरा, आणि मुदत संपलेल्या फिल्म घरी कॉफीत धुवायची हौस. फिल्मवर डाग पडले की ‘काय मजा आलीय, दादा!’ म्हणून नाचतो. आमच्या बंगालातल्या श्रीरामपुरात असले दीडशहाणे हल्ली गल्लोगल्ली झालेत. मी छत्तीस वर्षं स्टुडिओत फिल्म धुतल्या. आमच्याकडे डाग पडला की मालक सगळ्यांसमोर आई-बाप काढायचा.

शेजारच्या नीहारबौदींना, म्हणजे नीहारवहिनींना, नवऱ्याच्या, निशीथदांच्या पेटीत एक न धुतलेली फिल्म सापडली. निशीथदा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची मुलगी टुपूर तर फार पूर्वीच, चौथ्या वर्षी तापाने गेली, आणि तिचे होते नव्हते ते फोटो वाळवीने खाल्ले. या फिल्मवर पोरीचा चेहरा असेल, एवढीच बौदींची आशा. आणि एवढी मोलाची फिल्म त्यांनी दिली कोणाला? शौनकला! मी ती त्याच्या हातातून काढूनच घेतली. ‘ये, शीक जरा,’ म्हटलं.

भर दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडामांड केली.

‘आधी सुरुवातीचा वीतभर तुकडा कापायचा,’ मी सांगितलं. ‘कॅमेऱ्यात भरताना त्याला उजेड लागतो, तो वायाच असतो. किती वेळात काळा होतो बघायचं, म्हणजे फिल्म धुवायच्या औषधाचा जोर कळतो.’

‘दादा, माझ्याकडे तेव्हाचीच दुसरी फिल्म आहे. तिच्यावर बघू या ना. हिला कशाला कात्री?’

‘तू तुझी कॉफी पी.’

काळ्या पिशवीत हात घालून, चाचपत मी वीतभर कापलं आणि उरलेली फिल्म डब्यात बंद केली. तुकडा उजेडात वाडग्यातल्या औषधात टाकला. दोन मिनिटांत काळाठिक्कर. ‘याला म्हणतात काम,’ मी म्हणालो.

फिल्म धुऊन न्हाणीघरात वाळवली आणि टेबलावर आणली. बौदी भिंग घेऊन आल्या. घाट, होड्या, कोणाचं तरी लग्न. पोर फक्त पहिल्याच फोटोत होती, तीही अर्धी.

‘हा फ्रॉक मी शिवलेला,’ बौदी म्हणाल्या. ‘हा तिचा कान. पण तोंड कुठाय?’ मग स्वतःशीच हसल्या. ‘हे तर रजईत शिरून फिल्म भरायचे. उजेडात भरली की दोन फोटो फुकट जातात म्हणायचे.’

म्हणजे पोरीचं तोंड मी कापलेल्या त्या वीतभर तुकड्यावर होतं. असल्या चिक्कू हौशी लोकांची मी जन्मभर टिंगल केली होती. बौदींना एक शब्द विचारायला काय झालं होतं मला?

शौनकने वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘बौदी, जुन्या फिल्मचं टोक सडतं,’ तो म्हणाला. ‘त्यात कोणाचा दोष नाही.’

‘हो का रे, अनादी?’

लाजेने माझी मान वर होईना.

‘सडतं,’ मी म्हणालो.