रुनासाठी निवडलेलं गिरमिट

आपले कान गेले आहेत हे लारुस बिअर्नसनला शरदातच कळलं होतं. खुर्चीत बसून तो वर्तमानपत्र वाचत होता. दोन हातांवर चुलीवर शिट्टीची किटली होती. ती कोरडी पडून बूड तापून लाल झालं, तेव्हा त्याला जळका वास आला. शिट्टी त्याने ऐकलीच नव्हती. त्यानंतर आठवडाभर त्याने स्वतःची तपासणी केली. माणसांचं बोलणं, कुत्र्याचं भुंकणं, ट्रकची घरघर, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. बारीक, उंच आवाज तेवढे गेले होते. चाळीस वर्षं चालू इंजिनांना कान लावून बसलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? त्याने कुणाला सांगितलं नाही.

न सांगण्याला कारण होतं. विनिपेग सरोवराच्या त्या किनाऱ्यावर बोटीचं इंजिन असो, करवत असो की बर्फाला भोक पाडायचं गिरमिट, लारुसला सोबत नेल्याशिवाय कुणी विकत घेत नसे. बदल्यात तो कॉफी प्यायचा आणि पुढचे चार दिवस त्या इंजिनाबद्दल बोलायचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकाहत्तराव्या वर्षी त्याच्याकडे दुसरं फारसं काही उरलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी रुना थॉरलाकसन त्याला न्यायला आली. तिचा नवरा स्टेनी सप्टेंबरात बोटीतच हृदय बंद पडून गेला होता. या हिवाळ्यात बर्फाखालची त्याची बारा जाळी ती एकटी बघत होती. मासेमारांच्या संघाने परवाना तिच्या नावावर केला होता, पण एका हंगामापुरता. जानेवारीत तिची एक खेप खराब निघाली होती. दुसरी निघाली तर परवाना दिराकडे जाणार, असं तिला लेखी कळवलं होतं.

गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "काका, स्टेनीचं गिरमिट बुधवारी फुटलं. सिलिंडरलाच चीर गेली. जाळी मंगळवारनंतर उचललेली नाहीत."

"आज चौथा दिवस."

"उद्या उचलली तर बहुतेक मासे चालतील. रविवारी वादळ सांगितलंय. उद्या नाहीच जमलं, तर मग कशाला बोलायचं."

"शेजारी कुणाचं मिळत नाही?"

"वादळाच्या आधी जाळी रिकामी करायला सगळेच पळतायत. कोण देणार?"

ओरेस्ट हवारिल्युकचं दुकान महामार्गावर होतं. नवं गिरमिट घ्यायचंय एवढं रुनाने आदल्या दिवशी कळवलं होतं आणि लारुसने लगेच दुकानात फोन करून ठेवला होता, त्यामुळे दोन गिरमिटं रात्रभर अंगणात, उणे एकतीसमध्ये उभी होती.

"आले डॉक्टर," ओरेस्ट म्हणाला. "पेशंट दोन्ही ठणठणीत आहेत हं. उगाच रोग काढू नकोस."

"मी काढत नाही. तू विकतोस."

लारुसने हातमोजा काढला आणि दोन्ही धुराड्यांना उघडं बोट लावलं. गार होती. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गुपचूप गरम करून ठेवणारे दुकानदार त्याने पाहिले होते.

"बोट चिकटेल तिथेच," ओरेस्ट म्हणाला. "मग तुझ्यासकट विकीन. दोन्हींची इंजिनं समुद्रापलीकडची आहेत, आधीच सांगतो. इथलं म्हणजे आता फक्त रंग आणि स्टिकर."

"देश बघून काय करायचंय? तिकडे चांगले कारखाने आहेत तसे फालतूही आहेत. ये गं इकडे." त्याने रुनाला जवळ बोलावलं. "बोल्टचं डोकं बघ. लाल गिरमिटाच्या बोल्टांवर आकडा ठोकलाय, म्हणजे पोलाद किती कडक ते सांगितलंय. हिरव्याचे कोरे. असला बोल्ट थंडीत मान टाकतो."

"कोऱ्या बोल्टांची माझी करवत अकरा वर्षं चाललीय," ओरेस्ट म्हणाला.

"तू ती वापरत नाहीस म्हणून."

हिरव्या इंजिनाच्या हवा खेळवणाऱ्या पात्यांच्या कडांना ओतकामाची खरबरीत कूस तशीच होती, बोटाला टोचत होती. लालची घासून साफ केलेली होती. लारुसने दोरी हळूहळू ओढून दाब पाहिला. प्लग काढून उन्हात धरला. हिरव्यावर तो पाच मिनिटांत फुली मारून मोकळा झाला. लाल दुसऱ्या ओढीला सुरू झालं. आवाज भरीव आणि एकसारखा होता.

एक गोष्ट बाकी होती. बेअरिंग कोरडं असलं तर इंजिन गरम होताना ते बारीक शीळ घालतं. इंजिन बाहेरून कितीही नीट असो, ती शीळ आली तर ते घ्यायचं नाही, हे तो चाळीस वर्षं लोकांना सांगत आला होता. आता तेवढंच त्याला तपासता येत नव्हतं. हे सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलं. ओरेस्ट हाताची घडी घालून समोर उभा होता. लारुसने तळहात इंजिनाच्या अंगावर ठेवला, मान वाकवली आणि सगळ्यांच्या ओळखीच्या पद्धतीने दोन मिनिटं ऐकल्यासारखं केलं. रुना त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"लाल घे," तो म्हणाला.

शनिवारी तो तिच्यासोबत गेला. किनाऱ्यापासून अकरा किलोमीटरवर जाळी होती. प्रत्येक जाळ्याला दोन तोंडं, म्हणजे एकूण चोवीस भोकं उघडायची. जुनी भोकं हातभर जाडीने गोठली होती. लाल गिरमिटाने पहिली चार भोकं अर्ध्या तासात पाडली. दोन जाळी वर आली, त्यांत चाळीसभर पिकरेल मासे, घट्ट, डोळे स्वच्छ. रुनाने एक मासा गालफडाला धरून दाखवला आणि त्या हिवाळ्यात लारुसने तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

सहाव्या भोकात इंजिन किंचाळलं. ते मात्र लारुसलाही ऐकू आलं. मग ते जागीच जाम झालं. त्याने झाकण उघडलं. बेअरिंग निळं पडलं होतं.

रुनाने पहार काढली. एका भोकाला पन्नास मिनिटं लागली. लारुसने दुसऱ्यावर हात चालवायचा प्रयत्न केला, पण त्याचा खांदा वीस घावांत संपला. दोन वाजता, सांगितल्याच्या एक दिवस आधीच, उत्तरेकडून वारा सुटला आणि किनारा दिसेनासा झाला. आणखी एकच जाळं निघालं होतं. नऊ खालीच राहिली.

परतताना गाडीच्या टपाखाली हीटर चालू होता. रुना म्हणाली, "तो आवाज असतो का काका? नव्या इंजिनाला?"

"कुठला आवाज?"

"दुकानात येत होता तो. बारीक. डास कानाशी आल्यासारखा."

लारुसने समोर पाहिलं. काचेवर बर्फ आपटत होतं.

"तुला ऐकू आला?"

"चांगला ऐकू आला. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तो असाच असतो."

"रुना, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. शरदापासून."

तिने गाडी थांबवली नाही. बर्फावर रस्त्याच्या खुणेसाठी रोवलेल्या फांद्या ती शोधत राहिली.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "कान काय, माझे होतेच ना. नुसतं विचारलं असतंत तरी सांगितलं असतं."



वादळ तीन दिवस चाललं. बुधवारी एका शेजाऱ्याने त्याचं गिरमिट आणून दिलं. नऊ जाळी संध्याकाळपर्यंत वर आली. माशांची पोटं मऊ झाली होती, कल्ले राखाडी. संघाचा माणूस किनाऱ्यावर आला, त्याने तीन पेट्यांत अंगठा दाबून पाहिला आणि वहीत लिहिलं. तो सभ्य माणूस होता. स्टेनीबद्दल दोन चांगले शब्द बोलला. निर्णय पुढच्या आठवड्यात कळेल, असंही म्हणाला, पण रुनाचा दीर त्या माणसाच्याच गाडीतून आला होता आणि जाळी मोजत होता.

ओरेस्टने गिरमिट बदलून देतो असा निरोप पाठवला. रुनाने उत्तर दिलं नाही. एप्रिलपासून शहरातल्या मासळीच्या कारखान्यात जागा आहे का, हे तिने मंगळवारीच विचारून ठेवलं होतं.

खराब मासे सरोवरात टाकायची परवानगी नसते. ते घसरगाडीवर भरून किनाऱ्यावरच्या खड्ड्याकडे न्यायचे असतात. लारुस मदतीला थांबला. त्याला कुणी जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. पेटी एका बाजूने उचलताना रुना त्याच्याकडे वळली, तोंड अगदी त्याच्या तोंडासमोर आणलं आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाली, "लारुस. तिकडून. धरा."

तिचं साधं बोलणं त्याला नेहमीच नीट ऐकू येत होतं. हे तिला सांगावं असं त्याला वाटलं. त्याने तिकडून धरलं.