पंधराचं पातं

“किल्ली ठेव हितं.”

लालासाहेब हवालदारानं अंगणातल्या बाजल्यावर हात आपटला. क्रांतीनं, त्याच्या सुनेनं, कमरेची किल्ली काढून बाजल्यावर ठेवली. फेकली नाही, आपटली नाही, नीट ठेवली, आणि त्याचाच हवालदाराला जास्त राग आला.

“मामा, पाणी मी रोज बघत हुते. बोनेट उघडल्याबिगर गाडी हालवली न्हाई कवा.”

“मग खिंडीत गाडीचा दम कशानं गेला? वाऱ्यानं?”

बोलून उपयोग नव्हता, कारण हवालदारानं निकाल आधीच लावून ठेवला होता. शनिवारी संध्याकाळी डेअरीवर दुधाच्या रांगेत त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, ‘सुनेनं पाणी न बघता गाडी दामटली, इंजन जाळलं.’ तेवढ्यावर भागलं नाही. मुलाला, जयराजला, फौजेत फोन लावून तेच सांगितलं.

शनिवारी झालं होतं ते असं. हवालदाराच्या बायकोच्या, शालूबाईच्या किडन्या कामातून गेलेल्या. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सातला तिला कराडच्या दवाखान्यात मशीनवर घ्यायचे. वाडी पाटणच्या वरच्या अंगाला. खाली उतरायचं तर आधी खिंड चढायला लागते. एसटी यायची दहाला. कोंडीबाची पिकअप पहाटे तीनलाच वांगी-टोमॅटो घेऊन मार्केटला जायची. राहिली ती हवालदाराची जुनी ॲम्बॅसिडर, आणि ती दोन वर्षं क्रांतीच चालवत होती. शनिवारी खिंडीच्या मधल्या वळणावर गाडी धापा टाकत थांबली. शालूबाईला उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरवर बसवून खाली न्यावं लागलं. पोचायला उशीर झाला, मशीनवरचा वेळ निम्मा झाला. तेव्हापासून तिच्या पावलांना सूज होती आणि जिना चढल्यागत धाप लागत होती, बसल्या जागी.

आज सोमवार. उद्या उजाडायच्या आत गाडी खिंड चढली नाही, तर शालूबाईचं काय होईल हे घरात कोणी बोलत नव्हतं.

फाल्गुनातलं ऊन होतं. खालच्या रानात उसाचं पाचट पेटवलेलं, त्याचा काळा चुरा वाऱ्यावर येऊन अंगणात, बोनेटवर, शालूबाईच्या पांघरुणावर बसत होता. हवालदारानं साक्षीला दोघांना बोलावून घेतलं होतं. एक कोंडीबा पिकअपवाला, दुसरा जोतिबा, जो पूर्वी उपसरपंच होता आणि अजूनही तसाच बसायचा.

“तुमच्या देखत दावतो,” हवालदार म्हणाला. “चोवीस वर्सं फौजेच्या गाड्या खोलल्यात. मी कुणावर फुकाचा आळ घेत न्हाई.”

दम गेला म्हणजे इंजिन कुठंतरी वारा सोडतंय. चार नळकांड्यांत वारा दाबला जातो, त्या दाबावर गाडी ओढते. तो कुठं आणि कशानं गळतोय, एवढंच शोधायचं. आणि ते गरम इंजिनावरच शोधायचं, कारण थंड असताना गाडी गुणी बाळासारखी चालत होती, लबाडी करायची ती तापल्यावर. म्हणून हवालदारानं किल्ली तेवढ्यापुरती परत दिली आणि क्रांतीनं गाडी वीस मिनिटं चालू ठेवून तापवली. हवालदारानं चारी प्लग काढले, एकाच्या भोकात दाब मोजायचं घड्याळ बसवलं.

“ॲक्सिलेटर पूर्ण दाब. मार स्टार्टर. कोंडीबा, आकडा तू वाच.”

“मी? तुमी वाचा की आबा.”

“तूच वाच. उद्या म्हणशील, म्हाताऱ्यानं मनचं सांगितलं.”

हे बोलणं मोठं न्यायाचं वाटलं खरं. पण गेल्या दिवाळीपासून हवालदाराला घड्याळावरचे आकडे मुंग्यांसारखे पळताना दिसत होते. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. शालूबाईला तर नाहीच. तिला स्वतःचं थोडं होतं काय?

“एकशे पंधरा,” कोंडीबानं पहिला वाचला. दुसरा सत्तर. तिसरा एकशे दहा. चौथा पासष्ट.

“बघा! दोन नंबर आन चार नंबर. पिस्टनच्या रिंगा जळाल्या. पाण्याबिगर पळवली की हेच हुतंय.”

जोतिबानं लगेच मान डोलावली. क्रांती गाडीतून उतरून जवळ आली. “मामा, तुमीच मागं सांगितलं हुतं, रिंगा गेल्या असल्या तर आईल घातल्यावर दाब वाढतो. चमचाभर घालून बघूया की.”

हवालदाराला नाही म्हणता येईना. त्यानंच शिकवलं होतं. दुसऱ्या नळकांड्यात चमचाभर ऑईल सोडलं, पुन्हा स्टार्टर मारला.

“सत्तर,” कोंडीबा म्हणाला. चौथ्यातही काटा पासष्टच्या वर गेला नाही.

“म्हंजी रिंगा चांगल्या हायत,” क्रांती म्हणाली.

“मग व्हॉल्व्ह जळाले,” हवालदार गुरगुरला. “ती बी तुझीच किरपा.”

क्रांतीनं किल्ली परत बाजल्यावर ठेवली. वरचं झाकण काढायलाच लागलं. झाकणाखाली टॅपेटांची रांग. टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मधे केसासारखी फट ठेवायची असते, म्हणजे व्हॉल्व्ह तापून फुगला तरी नीट मिटतो. फट नसेल तर तो उघडाच राहतो आणि वारा निसटतो. ती फट मोजून टॅपेट बांधायला, म्हणजे नेमक्या फटीवर आवळायला, पातळ पात्यांचा जुडगा असतो, एकेका पात्यावर जाडीचा नंबर. हवालदाराचा जुडगा फौजेतला, घासून गुळगुळीत झालेला.

“पंधराचं पातं काढ.”

क्रांतीनं काढून दिलं. दोन नंबरला ते शिरेना. चार नंबरला शिरेना. एकच्या फटीलाही ते अडलं.

“आरं तिच्या,” हवालदार पुटपुटला. “मागल्या म्हैन्यात तर मीच बांधलेत हे टॅपेट. आन हिकडं तो जुडगा.”

त्यानं बोटांनी चाचपून आपलं पातं काढलं. त्याचा कोपरा जरा वाकलेला होता, म्हणून हाताला ओळखीचं होतं. ते एक नंबरला सर्रकन गेलं. “हे बघ. हेच की पंधरा.”

क्रांती वाकली. पात्याकडं बघितलं, मग सासऱ्याच्या तोंडाकडं. आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “मामा, हे पाच हाय. म्होरं एक न्हाई.”

हवालदारानं पातं उन्हात धरलं. त्याला नुसती चकाकी दिसली.

मागच्या महिन्यात दवाखान्यातून येताना शालूबाई म्हणाली होती, ‘ह्या इंजनाची कटकट डोस्क्यात घण घातल्यागत लागती.’ तिला तेवढं तरी सुख द्यावं म्हणून त्यानं एक दुपार खर्चून टॅपेट बांधले होते. गाडी अगदी गपगार झाली होती. शालूबाईनं कौतुकही केलं होतं. पंधराची फट पाचवर आणून त्यानंच गाडीचा गळा आवळला होता; महिनाभराच्या फेऱ्यांत दोन आणि चारची तेवढीही फट मिटत गेली होती, आणि बायकोला खिंडीत ताटकळत बसवलं होतं. हवालदार मडगार्डला टेकला.

“काय म्हणती सून?” जोतिबानं विचारलं.

क्रांती झाकणाचे नट गोळा करायला लागली. बोलली असती तर एका शब्दात त्याची चोवीस वर्षं धुळीला मिळाली असती.

“टॅपेट,” हवालदार म्हणाला. “टॅपेट नडलेत. थंड झाल्यावर बांधतो. तासाभराचं काम.”

“म्हंजी उद्या जाती गाडी?” शालूबाईनं बाजल्यावरून विचारलं.

“जाती.”

तिनं डोळे मिटून घेतले. तिला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

इंजिन निवायला तास गेला. क्रांतीनं चहा केला. जोतिबानं बशीत चहा ओतता ओतता मोबाईलवर कुणाला तरी सांगितलं, “व्हय, हवालदारानं वाचवलं इंजन. सुनेनं पार वाट लावली हुती. बाया गाडी चालवाय लागल्या की ह्योच परकार.” क्रांती कपबश्या गोळा करत होती. तिनं ते ऐकलं. हवालदारानंही ऐकलं. त्यानं कप खाली ठेवला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. जयराज. ती वळचणीला जाऊन उभी राहिली. पलीकडचा चढा आवाज अंगणापर्यंत येत होता, शब्द कळत नव्हते. ती “व्हय” म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा “व्हय”. तिसऱ्यांदा “बरं” म्हणून तिनं फोन बंद केला, पदरानं तोंड पुसलं आणि येऊन गाडीपाशी उभी राहिली. आत्ता सगळ्यांना पाचच्या पात्याचं सांगेल, मग सांगेल, म्हणून हवालदार वाट बघत होता. तिनं सांगितलंच नाही. ती वाट बघत होती, त्यानं स्वतः सांगायची.

“पंधराचं दे,” तो म्हणाला. या वेळी पातं तिनं निवडलं, तिनंच घातलं, त्यानं नट आवळले. आठही टॅपेट झाले. झाकण आणि प्लग बसवले. क्रांतीनं बाजल्यावरच्या किल्लीला हात न लावता त्याच्याकडं बघितलं. त्यानंच किल्ली घेतली आणि स्टार्टर मारला. इंजिन उठलं, दणक्यात, आणि टॅपेटांची पहिल्यासारखी बारीक कटकट अंगणभर पसरली. त्यानं गाडी चांगली अर्धा तास चालू ठेवली, पार तापवली. तरी सूर ढळला नाही.

“वा रं गड्या!” कोंडीबा उठला. “हात हाय का गंमत! चला, निघतो आबा.”

जोतिबाही धोतर झटकून उठला. दोघं फाटकापर्यंत गेले. अजून चार पावलं, की विषय मिटला. सुनेच्या नावावर मिटला.

“थांबा रं,” तो ओरडला. “तिनं कायबी केलं न्हाई. टॅपेट मी चुकीचे बांधलेत. पंधराच्या जागी पाचचं पातं घातलं मी. चूक माझी हाय. डेअरीवर बी मी हेच सांगणार, आन जयराजलाबी.”

दोघं फाटकात थबकले. मग कोंडीबा हसला. “आवं आबा, एवढं काय त्यात? हुतंय की माणसाकडनं.”

“हुतंय, हुतंय,” जोतिबा म्हणाला. “वय झालं. मनाला लावून घिऊ नगा.” आणि दोघं गेले, पिकअपच्या टायरांबद्दल बोलत.

हवालदार उभाच राहिला. शिव्या बसतील, हसतील, तोंडावर थुंकतील, अशी त्यानं तयारी केली होती. इतक्या स्वस्तात सुटका होईल असं वाटलं नव्हतं.

“तीन दिस मला कुणी ‘हुतंय’ म्हणलं न्हाई, मामा,” क्रांती म्हणाली. तिचा आवाज आता कापत होता. “एकानंबी न्हाई.”

त्यानं किल्ली तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही.

“ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. उद्या तुमीच न्या आत्तीला.”

“मला न्हाई नेता यायची.”

“का?”

बाजल्यावर शालूबाई जागी होती, ऐकत होती. हवालदारानं तिच्याकडं पाठ केली.

“दिसत न्हाई मला, पोरी. दिवाळीपासनं दिसत न्हाई.”

क्रांतीचा राग गेला नव्हता; एवढ्यात जाणारही नव्हता. पण तिनं हात पुढं केला आणि किल्ली घेतली.

“साडेपाचला निघायचं. आत्तीला पाचला उठवा. आन तुमीबी चला संगं, तिथंच डोळ्याच्या डागदरला दावू.”

वाडीत हवालदाराला हुकूम सोडणारं माणूस तोवर जन्माला आलं नव्हतं.

“व्हय,” तो म्हणाला.