बरणीच्या गळ्यातली माळ

दर रविवारी सकाळी दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीसमोरच्या रिकाम्या प्लॉटवर मारुती गाड्यांची रांग लागे. साल १९९९. सोसायटीची लिफ्ट सुरू झाली नव्हती, पाणी टँकरने यायचं. माळवाले बाबा मात्र वेळेवर हजर! मानेला गाठ आलेल्यांच्या गळ्यात ते ओल्या काड्यांची माळ घालत. आठवड्यात ती छातीपर्यंत उतरे आणि गर्दी थक्क होई.

"जितनी माला उतरी, उतनी बीमारी उतरी!" बाबा गर्जत.

त्या रांगेत माझी पुतणी सुखदाही होती. वय बावीस, गुडगावात नवी नोकरी, मानेला उजवीकडे दोन गाठी. संध्याकाळी अंगात कणकण, कपडे सैल झालेले. डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासायला सांगितलं होतं.

"भावजी, टीबी निघाला तर हिचं लग्न कसं जमायचं?" तिची आई, प्रभावहिनी, म्हणाल्या. "माळ बघा ना, चार बोटं उतरलीय."

"आणि गाठ?"

वहिनी पुन्हा माळच बोटांनी मोजू लागल्या.

तीन आठवडे, तीन माळा. एक गाठ लाल झाली. ऑफिसात माझं फायलीत लक्ष लागेना. चौथ्या रविवारी सुखदाने "मावशीसाठी" म्हणून एक माळ जास्तीची मागून घेतली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीच्या गळ्यात घातली. दोन्ही माळा आम्ही टेपने मोजल्या.

पुढच्या रविवारी तिने भर गर्दीत बरणी उंच धरली.

"बाबा, मेरी माला छह उंगल उतरी, इसकी सात. इसको कौन सी बीमारी थी?"

"दोष था बेटी, अचार में दोष था!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. सुखदाने ओढणी बाजूला केली. "फिर मेरी गाँठ क्यों बढ़ी?"

मी माळ उलगडून दाखवली. ओल्या काडीला दोऱ्याचे वेढे असतात. काडी वाळून बारीक झाली की वेढे सैल होतात आणि दोरा लांबतो. चमत्कार तो एवढाच.

सोमवारी वहिनीच तिला तपासणीला घेऊन गेल्या. टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या चालल्या, त्याही सरकारी दवाखान्यात फुकट. सुखदा बरी झाली. पण एक गाठ फुटली होती, तिचा व्रण राहिला. मला राग बाबाचा येतो, तसा स्वतःचाही. माळ मोजण्यात मीसुद्धा एक आठवडा घालवलाच की!

म्हणून सांगतो, मानेची गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर डॉक्टर गाठा. गाठीचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही, आणि तो औषधाने बरा होतो. लाजेपायी लपवलात, तर मात्र वाढतो.