चाळिसाव्या मिनिटाला

सलग तिसऱ्या कार्यक्रमात आमचा ॲम्प्लिफायर चाळिसाव्या मिनिटाला बंद पडला, तेव्हा माझी खात्रीच पटली की हे यंत्राचं काम नाही, माणसाचं आहे. यंत्राला इतकी वेळ पाळता येत नाही. आमच्या धंद्यात वेळ पाळणारा माणूस एकच, माझा मेहुणा.

आमचा फिरता डिस्को आहे. एक व्हॅन, चार स्पीकर, रंगीत दिव्यांचा खांब आणि आम्ही दोघं. हा बायकोचा एकुलता एक भाऊ. सहा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आला, वायर गुंडाळण्यापासून सगळं मीच शिकवलं. म्हणून तर जास्त झोंबत होतं.

त्या दुपारी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये निरोपसमारंभ होता. निवृत्त होणारे साहेब कोट काढून नाचायला लागले होते आणि एकदम सगळं गप्प. साहेबांचा एक पाय वरच राहिला. ॲम्प्लिफायरवर लाल दिवा लागलेला. मी वळून पाहिलं तर मेहुणा त्याच्यावर तळहात ठेवून उभा.

"काय केलंस?"

"काही नाही दाजी. तापलाय बघा किती, हात ठेववत नाही."

"मग ठेवलास कशाला?"

दहा मिनिटांनी लाल दिवा गेला, गाणं पुन्हा लागलं. पण तोवर साहेबांनी कोट घातला होता.

मी प्लग बदलला, एक्स्टेंशन बोर्ड बदलला, डाव्या-उजव्या वायरी आलटून पालटून लावून पाहिल्या. दुरुस्तीवाल्याने ॲम्प्लिफायर उघडला, जाळीतली धूळ उडवली आणि ठणठणीत आहे म्हणून परत दिला. तेव्हा मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, तुम्ही गेल्या महिन्यात दुरुस्त केलात ना, त्या स्पीकरला एकदा मीटर लावू या का?"

माझं डोकंच फिरलं. जळालेला जुना पडदा, म्हणजे स्पीकरचा आवाज काढणारा भाग, काढून त्या खोक्यात नवा मी स्वतःच्या हाताने बसवला होता. चौघांत तोच सगळ्यात दणकून वाजत होता. "मला शिकवू नकोस," मी म्हणालो. स्वतः नामानिराळा राहून हा माझ्यावरच बोट ठेवतोय, हे काही मला कळलं नाही असं नाही.

दोन दिवसांनी मी त्याला 'बॉम्ब'च्या व्हॅनमध्ये बसलेला पाहिला. बॉम्ब म्हणजे पलीकडच्या गल्लीतला दुसरा डिस्कोवाला. दोघांचं अगदी डोक्याला डोकं लावून चाललं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. बायको म्हणाली, "अहो, सरळ विचारा ना त्याला." विचारलं असतं तर तो सावध झाला असता. मी त्याच्या हातांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला लागलो.

बिघाड शोधायची आमची एक रीत आहे. एका वेळी एकच वस्तू काढायची आणि चालवून पाहायचं. बिघाड गेला तर दोष त्या वस्तूत. मी मेहुण्याला काढून पाहायचं ठरवलं. "रविवारी छोटासा कार्यक्रम आहे, तू आराम कर," असं त्याला गोड बोलून सांगितलं.

रविवारी तीन तास गाणी वाजली. चाळिसाव्या मिनिटाला मी श्वास रोखून घड्याळ पाहत होतो. एकेचाळीस झाली, पन्नास झाली, लाल दिवा लागला नाही. चोर पकडल्याचा आनंद झाला, पण चोर घरातलाच निघाला होता.

संध्याकाळी त्याला घरी बोलावलं आणि बायकोसमोरच विचारलं, "तू नव्हतास तर काही बिघडलं नाही. बॉम्बशी काय ठरलंय तुझं?"

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून व्हॅनची दुसरी किल्ली काढून टेबलावर ठेवली, "ताई, येतो," म्हणाला आणि गेला. बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. आठवडाभर घरात "जेवायला वाढलंय" या पलीकडे एक शब्द नाही.

शनिवारी ओझी उचलायला एक हमाल घेतला. चारही स्पीकर लावले, गाणी सुरू केली. चाळिसाव्या मिनिटाला लाल दिवा! हमाल तर बाहेर व्हॅनच्या सावलीत घोरत होता.

मी तिथेच खुर्चीवर बसलो. लोक ओरडत होते, मला ऐकू येत नव्हतं. रविवारी मी एकटा होतो, पाठ दुखत होती, म्हणून दोनच स्पीकर नेले होते. एका वेळी एकच वस्तू काढायची, आणि मी तीन काढल्या होत्या: दोन स्पीकर आणि एक मेहुणा.

मीटर लावला. तीन स्पीकरनी सहा ओहम दाखवले, माझ्या दुरुस्त केलेल्याने तीन. दुकानदाराने दिलेला पडदा मापाने बरोबर होता, पण त्याच्या मागे छापलेला ओहमचा आकडा मी वाचलाच नव्हता. तो दुप्पट करंट ओढत होता. म्हणून दणकून वाजायचा, आणि दुसऱ्याच्या जोडीला लावला की ॲम्प्लिफायर तापून बंद पडायचा.

तसाच मेहुण्याकडे गेलो. तो शर्टाला इस्त्री करत होता. मी दारातूनच सगळं बोलून टाकलं. स्पीकर माझा, चूक माझी, मला लाज वाटते, चल.

"बॉम्बकडे मी त्याचा ॲम्प्लिफायर मागायला गेलो होतो," तो म्हणाला. "आपला दगा देतोय, दोन-चार दिवस दे म्हणून."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. त्याने इस्त्री उभी ठेवली.

"दाजी, एक विचारू? हा दोष सापडला नसता, तर आला असतात का?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, शर्ट बाजूला केला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना. पाणी आणतो," तो म्हणाला, पाहुण्याला म्हणतात तसं. सहा वर्षांत तो माझ्याशी असं कधी बोलला नव्हता.