साक्षीदाराची होडी

युन पाकलामने मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून साउवानचं नाव घातलंय हे कळल्यावर तिच्या बहिणीने कपाळाला हात लावला. घटस्फोट होऊन इतकी वर्षं झाली, पोरगा मोठा होऊन व्हँकूव्हरला गेला, तरी या माणसाचं निस्तरणं काही हिच्या मागचं सुटत नाही, असं तिचं म्हणणं.

पाकलामने साउवानला आधी विचारलं होतं. चुंग चाऊ बेटाच्या धक्क्याजवळच्या चहाघरात कोळंबीच्या उकडलेल्या करंज्यांची टोपली तिच्यापुढे सरकवत तो म्हणाला होता, "माझ्यामागे सगळं ज्याचं त्याला द्यायला कुणीतरी हवं. तू करशील?"

"मीच कशाला? तुझे एवढे मित्र आहेत की."

"मित्र मला सांभाळून घेतात. तू कधी घेतलं नाहीस. तुझ्या हातून इकडचं तिकडे व्हायचं नाही."

तिला हसू आलं होतं आणि हसता हसता ती हो म्हणून बसली होती.

तो गेल्यावर ती दर शनिवारी शहरातून बोटीने बेटावर येऊ लागली. मृत्यूचा दाखला, बँक, विजेचं बिल, लाकूडवाल्याचं देणं. आधी देणी फेडायची, मग मृत्युपत्र खरं ठरवणारा कोर्टाचा प्रोबेट, आणि त्यानंतरच वाटणी, हे वकील इपबाईंनी तिला समजावून सांगितलं होतं. पाकलामचं घर त्याच्या होड्यांच्या कारखान्याच्या माथ्यावर होतं. जिन्यातच लाकडाला लावायच्या तेलाचा वास भेटायचा. नवी नवरी म्हणून आली तेव्हा त्या वासाने तिचं डोकं उठायचं. पुढे शहरात राहायला गेल्यावर त्याच वासावाचून तिला कितीतरी रात्री झोप लागली नव्हती.

भांडण असं मोठं नव्हतंच. त्याला बेट सुटेना, तिला बेटावर राहवेना. मुलाची शाळा हे निमित्त झालं. कपाटं आवरताना तिला चांगले दिवसच आठवत राहिले. मुलगा हिन जन्मला त्या वर्षी पाकलामने स्वतःसाठी एक छोटी होडी बांधली होती. तिच्यावरचं कापडी छत साउवानने शिवलं होतं. संध्याकाळी तिघं खाडीत जायचे. शेगडीवर माकुळाची पेज रटरटायची, आणि पाकलाम बेसूर गात राहायचा. त्याला गाणं येत नाही हे सांगायची तिला तेव्हा कधी गरजच वाटली नाही.

ती होडी पाकलामने मृत्युपत्रात लो फुकला ठेवली होती. लो त्याच्याबरोबर जन्मभर कारखान्यात राबलेला मित्र. बाकी सगळं हिनचं. मजकूर स्वच्छ होता, पण इपबाई शेवटच्या पानावर अडल्या. पाकलामने मृत्युपत्र घरीच लिहिलं होतं आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या होत्या. एक चहाघराच्या मालकाची, दुसरी लो फुकची.

"मृत्युपत्र खरं धरलं जाईल," इपबाई म्हणाल्या. "पण जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातलं काही घेता येत नाही. होडी आता मुलाच्या वाट्याला जाईल."

हे लोला सांगायला साउवान स्वतः गेली. तो होडीच्या फटींत काथ्या ठोकत बसला होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने हातोडी खाली ठेवली.

"सही कर म्हणाला, केली. आत काय लिहिलंय ते मी विचारलंही नाही," तो म्हणाला. "वहिनी, तू कशाला तोंड पाडतेस? होडी त्याचीच होती." आणि पुन्हा ठोकायला लागला. घटस्फोटानंतर कुणीच न मारलेली ती 'वहिनी' हाक मात्र तिच्या काळजात रुतली.

प्रोबेट झाल्यावर हिन आला. धक्क्यापलीकडच्या मासळीच्या हॉटेलवाल्याला दारात शोभेला जुनी होडी हवी होती, आणि हिनला ते पसंत होतं. निदान बाबांची वस्तू लोकांच्या डोळ्यांपुढे तरी राहील, असं त्याला वाटत होतं. तरी त्याने विचारलंच, "आई, तुला काय वाटतं?"

"कुणाला विचारतोयस? आईला की एक्झिक्युटरला?"

"दोघींना."

"एक्झिक्युटर म्हणते, होडी तुझी. विक नाहीतर ठेव. आणि आईचं म्हणशील तर, घर सोडून गेलेल्या बाईने त्या होडीवर हक्क सांगू नये. फक्त बाबांनी ती कुणाला द्यायची म्हटलं होतं, ते तू वाचलंयस."

हिनने तरी हॉटेलवाल्याला होकार कळवला. दुसऱ्या दिवशी लोच होडी हॉटेलकडे न्यायला निघाला. हिन आणि साउवान छताखाली बसली. कापड कधीच बदललेलं होतं, पण टाके तिच्यासारखेच तिरपे घातले होते. मधेच हिन उठला आणि त्याने मागचं वल्हं मागून घेतलं. होडी आडवी व्हायला लागली. लोने आपला अनवाणी पाय हिनच्या पायावर ठेवला आणि हलकेच दाबला. डावीकडे भार, मग उजवीकडे. थोड्या वेळात होडी सरळ झाली.

"बाबा अस्संच शिकवायचे," हिन म्हणाला.

"त्याला कुणी शिकवलं?" लो हसला. "तुझा बाप दुकानदाराचं पोर. बेटावर आला तेव्हा त्याला वल्हं धरता येत नव्हतं. माझ्याच पायाखाली शिकला."

हिनने मान खाली घातली. हॉटेलसमोर मालक हात हलवत उभा होता. हिनने त्याच्याकडे पाहिलं, नाही म्हणून मान हलवली, आणि होडी न थांबवता पुढे खाडीकडे नेली. साउवानने तोंड वळवून पाण्याकडे पाहिलं. किती वर्षांनी ती खाडीच्या त्या वळणावरून जात होती.

परत आल्यावर हिनने वल्हं लोच्या हातात दिलं. "काका, होडी तुमची."

"तोंडी चालायचं नाही," साउवान मधेच म्हणाली. "सोमवारी दोघांनी इपबाईंकडे यायचं. रीतसर लिहून द्यायचं."

लो घाबराघुबरा झाला. "आता सही कुठे करायची ते नीट दाखवा बाबांनो. गेल्या वेळी केली आणि होडीच गेली."

तिघंही हसली. खूप हसली.

सोमवारी कागद झाले. इपबाईंनी साउवानचे हात हातात घेऊन सांगितलं, की तुमचं काम संपलं. तिने घराच्या किल्ल्या हिनला दिल्या. पाकलामच्या अंत्यविधीला ती मागच्या रांगेत बसली होती. विधवेचं पांढरं नेसायचा तिला अधिकार नव्हता, आणि तिने डोळ्यांतून टिपूसही काढलं नव्हतं. शनिवार आला तेव्हा सवयीने लवकर जाग आली. तिने तोंड धुतलं, केस विंचरले, पिशवी खांद्याला लावली. मग लक्षात आलं की जायला काही कारणच उरलेलं नाही. ती पिशवीसकट पलंगावर बसली आणि नवरा गेलेल्या बाईसारखी मोकळेपणाने रडली.